एकोणीसशे अकरा म्हणजे काय?

सकाळचा पाठ झाला, क्वानयिन देवीच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावली, की मी सोयाबीनचं दूध गरम करते आणि संगणक उघडते. सकाळचं खाणं शाकाहारी, हा माझा रोजचा नेम. दुसरा नेम कामाचा आहे. कुणाच्याही पॅचला उत्तर लिहिताना त्यात चांगलं काय आहे ते आधी लिहायचं, दोष नंतर. कधी कधी चांगलं शोधायलाच जास्त वेळ लागतो, पण सापडतं.

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे एक सोंगाड्या आहे. एका संगणकाच्या पोटात बसून ते दुसऱ्या संगणकाचं सोंग घेतं, आणि इतकं हुबेहूब घेतं की आत चालणाऱ्या प्रोग्रामला आपण खऱ्या यंत्रावर आहोत असंच वाटावं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातली माणसं त्यासाठी पॅच पाठवतात, म्हणजे 'या ओळी काढा, या घाला' असं मेलने सगळ्यांसमोर सुचवतात. माझ्यासारखी माणसं त्या ओळी वाचून सगळ्यांसमोरच उत्तर देतात. पटलं तर पॅचखाली आपलं नाव घालायचं. त्या नावाचा अर्थ ठरलेला आहे: हे मी सगळं वाचलं, मला कळलं, मला पटलं. माझ्या वाट्याला या सोंगांमधली घड्याळं आलेली आहेत.

शेवटचा शब्द योर्माचा. तो फिनलंडमध्ये असतो. त्याच्या मेलला वर नमस्कार नसतो नि खाली लोभ असावा नसतो. पॅच ठीक असला तर 'घेतला', नसला तर एक प्रश्न. 'चांगलं' हा शब्द त्याच्याकडून मी आजवर वाचलेला नाही. पण त्याचा प्रश्न फुकट गेलाय असंही कधी पाहिलेलं नाही.

यंदा वसंतात लिआंग-चे नावाच्या माझ्या ओळखीतल्या तरुण प्रोग्रामरने पॅच पाठवले, ते त्याच्या मावशीसाठी. खिम मावशी आमच्याच ताइनान शहरात, माझ्या घरामागच्या गल्लीत राहतात. देवळांसाठी भरतकाम करतात: देवांचे झगे, पताका, पालखीवरची छत्रं. बारीक काम हाताने, मोठं काम मशीनवर. त्या मशीनला नक्षी पुरवणारा प्रोग्राम त्यांच्या यजमानांनी फार पूर्वी एका जुन्या संगणकासकट घेतला होता. यजमान गेले, संगणक मात्र चालत राहिला. यंदा नववर्षाच्या सणात त्यातून धूर निघाला. आतली डिस्क तेवढी वाचली, पण सगळ्या नक्ष्या त्या प्रोग्रामच्या आत, आणि प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उभा राहायला तयार नाही.

लिआंग-चेला आठवलं की आमचं सॉफ्टवेअर त्या जुन्या यंत्राचंही सोंग घेतं. घेत होतं खरं, पण त्यातलं घड्याळ बिघडलेलं होतं, आणि वर्षानुवर्षं कुणी त्याकडे फिरकलं नव्हतं. ज्या सोंगाला वाली नाही ते काढून टाकायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. ते काढायचा पॅच योर्माने तयारही ठेवला होता. एका मंगळवारी नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. त्याआधी घड्याळ दुरुस्त होऊन आत गेलं तर यंत्र राहणार, नाही तर जाणार.

"तुझ्यापुरतं दुरुस्त करून मावशींना देऊन टाक की," असं मी त्याला सुरुवातीला म्हटलं होतं. त्यावर तो म्हणाला की मे महिन्यात तो नोकरीसाठी हॉलंडला निघालाय. त्याच्या हातचं ठिगळ पहिल्याच नव्या आवृत्तीबरोबर उसवणार, मग मावशी कुणाकडे जाणार? प्रकल्पात शिरलं की ते दर आवृत्तीबरोबर आपोआप येत राहील, कोपऱ्यावरचा संगणकवालाही बसवून देईल.

ते मला पटलं. मी त्याचे पॅच ओळीओळीने वाचले. मांडणी नेटकी होती, ते आधी लिहिलं. मग एका पॅचमध्ये दोन कामं कोंबली आहेत ती वेगळी कर, असं लिहिलं. त्याने केली. तिसऱ्या खेपेला मी नाव घातलं. माझ्यासारखेच पॅच वाचणाऱ्या तैपेईच्या फांगनेही घातलं. दोन नावं म्हणजे निम्मी लढाई, अशा खुशीत लिआंग-चे मला गरम वाफवलेले पाव देऊन गेला, भाजी भरलेले, माझा नेम सांभाळून.

शुक्रवारी योर्माचं उत्तर आलं. एकच ओळ.

"१९११ म्हणजे काय?"

लिआंग-चेचा लगेच फोन आला. हा विनोद आहे का, असं विचारत होता. खरं सांगते, योर्माला काय कळलेलं नाही हेच मला आधी कळेना. मी पॅच पुन्हा उघडला. घड्याळाच्या वर्षातून १९११ वजा करायचे, अशी ओळ. यात विचारण्यासारखं काय आहे? वर्ष तसंच तर काढतात. विजेच्या बिलावर तेच, औषधाच्या पाकिटावर तेच, माझ्या ओळखपत्रावर तेच. प्रजासत्ताक झालं तेव्हापासूनचा आमचा शक, इसवी सनातून १९११ वजा केले की येतो. घराचा उंबरा ओलांडताना पायाकडे कोण बघतं? मी बघितलं नव्हतं. फांगनेही नाही.

दूध गार झालं तेव्हा डोक्यात उजेड पडला. घड्याळाची ती चिप काही आमच्या ताइनानची नव्हती. जगभर विकल्या गेलेल्या यंत्रांत ती बसलेली होती. हा पॅच आत गेला असता तर ब्राझीलमधला एखादा माणूस एके सकाळी न विचारताच आमच्या शकात येऊन पडला असता.

मी मेल लिहिला. पॅचची मांडणी चांगली आहे, हे आधी. मग लिहिलं की मी माझं नाव काढून घेते. त्या ओळीत मला माझ्या घरचं वर्ष दिसलं आणि मी पुढे गेले, तेव्हा ही चूक एकट्या लिआंग-चेची नाही. फांगने त्याखाली फक्त 'माझंही काढा' एवढं लिहिलं.

तासाभरात लिआंग-चे दारात उभा. चेहरा पडलेला. "ताई, नाव काढायची एवढी घाई होती? वर दोन ओळींचा खुलासा टाकला असता, मंगळवार गाठला असता."

"खुलासा वाचून ब्राझीलवाल्याचं वर्ष बरोबर होणार आहे का?"

तो आत येऊन बसला. मग म्हणाला की फांगने सांगितलंय, नवा पॅच टाक, वेळ नाही, न वाचताच नाव घालतो. फांग मनाने मोठा आहे, पण असल्या मोठेपणाचा उपयोग नव्हता. मी लिआंग-चेला चहा दिला. जे नाव वाचल्याशिवाय पडतं त्यावर उद्या तुझाच भरवसा बसणार नाही, एवढंच बोलले. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "चला मग मावशीकडे. तिला सांगायचं धाडस माझ्या एकट्यात नाही."

खिम मावशी चौकटीवर ताणलेल्या लाल साटिनपुढे बसल्या होत्या. चैत्रात देवी मात्सूची मिरवणूक, तिच्या छत्राचं काम. एक बाजू हाताने भरून झाली होती, दुसरी मशीनची वाट बघत होती. लिआंग-चेने ती १९११ची ओळ काढून आपल्या संगणकावर प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर एकेक काम लाल होत गेलं: मुदत संपली, उघडता येत नाही.

"काय म्हणतंय?" मावशींनी विचारलं.

इसवी सनातले शेवटचे दोन आकडे आमच्या शकातल्यापेक्षा अकराने पुढे असतात, म्हणून प्रोग्रामला वाटतंय की सगळ्या कामांची मुदत केव्हाच टळली, असं त्याने समजावलं.

"छत्र अजून भरलं नाही आणि त्याची मुदत टळून अकरा वर्षं झाली?" मावशी म्हणाल्या. "अरे अ-चे, मग देवी इतकी वर्षं उन्हातच फिरली की काय?"

त्याला हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट घोळत होती. खऱ्या यंत्रात तर लिआंग-चेची ओळ नव्हती. मग त्या जुन्या संगणकाला आमचा शक कळला कसा? मी मावशींना विचारलं.

"कळतोय कसला? मशीन आलं त्या दिवशी पडद्यावर वर्ष विचारलं. ह्यांनी घातलं. ह्यांना दुसरं कुठलं वर्ष माहीत होतं?"

लिआंग-चे माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. चिपला शकच नव्हता. तिला फक्त मोजता येत होतं, आणि कुठून मोजायचं ते मालक सांगायचा. मग सोंगातल्या चिपनेही मालकालाच विचारावं. कुणी काही सांगितलं नाही तर इसवी सन. सांगितलं तर तेवढी वर्षं मागे.

शनिवार-रविवार त्याने तिथेच मावशींच्या टेबलावर काढले, दोऱ्यांच्या रिळांमध्ये जागा करून. मी एकेक तुकडा वाचत गेले. या वेळी परक्या माणसाच्या डोळ्यांनी. हे ब्राझीलमध्ये काय करेल, हे फिनलंडमध्ये काय करेल. मावशी अधूनमधून चिरलेले पेरू आणून ठेवत होत्या आणि भाच्याला म्हणत होत्या की तुला मांडीवर बसवून घड्याळ शिकवलं होतं, ते असं उपयोगी पडेल वाटलं नव्हतं.

१९११ हा आकडा पॅचमधून गेला. तो आता लिआंग-चेच्या संगणकावर, प्रोग्राम सुरू करायच्या सूचनेत आला. कामं पडद्यावर हिरवी झाली. मशीन खडखडलं आणि छत्राच्या दुसऱ्या बाजूवर मोराची शेपटी उमटू लागली. मावशी पंखाच्या टोकापर्यंत सुईच्या मागे मागे बघत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की या साटिनची धूळ फार.

पॅच चालवून बघणाऱ्यानेही आपलं नाव आणि काय बघितलं ते लिहायचं असतं. लिआंग-चे स्वतःचं लिहायला लागला, तर मावशींनी त्याचा हात धरला.

"मशीन कुणी चालवलं?"

"तू."

"मग नाव माझं. आणि लिही, मोराच्या मानेजवळ लाल दोरा एकदा तुटला."

"मावशी, दोऱ्याचा इथे काय संबंध?"

"जे झालं ते लिहायचं असं तूच म्हणालास ना? अ-युन, सांग की याला."

मी काय सांगणार? खोटं बोलणार नाही असं रोज पाठात म्हणते, आणि अर्धं लिहिणं त्याच्या फार लांब नसतं. "लिही," मी म्हटलं. त्याने कपाळावर हात मारला आणि लिहिलं. मी माझं नाव पुन्हा घातलं. फांगने रात्रभर वाचून सोमवारी सकाळी घातलं, शिवाय एका ओळीतली चूकही दाखवली. ती खरीच होती, लिआंग-चेने लगेच सुधारली.

मंगळवारी आम्ही तिघं मावशींकडेच बसलो. फिनलंडची सकाळ म्हणजे आमची दुपार. योर्माचा मेल आला. दोन प्रश्न. पहिला: हे यंत्र पुढे कोण सांभाळणार? दुसरा: दोरा पहिल्या पॅचने तुटतो की दुसऱ्याने?

लिआंग-चे डोकं धरून बसला. "सांगितलं होतं ना मी."

मी दुसरा प्रश्न मावशींना वाचून दाखवला. त्या जराही हसल्या नाहीत. उलट मान डोलावली, की हा माणूस कामाचा आहे, धाग्याची विचारपूस करतो. "त्याला लिही, रीळ नव्या दुकानातलं आहे, दोष रिळाचा, पॅचचा नाही. जुन्या रिळाने परत भरून बघितलं, तुटला नाही. आणि विचार, जेवला का तो?"

"मावशी, हा सगळ्या जगासमोरचा मेल आहे."

"मग जगासमोर विचार. चोरी आहे का?"

लिआंग-चेने रिळाचं लिहिलं. यंत्र मी सांभाळीन, हॉलंडहूनही सांभाळता येतं, असं लिहिलं. घड्याळाच्या भागाकडे मी बघेन, असं मी लिहिलं. आणि तो नको नको म्हणत असताना शेवटची ओळही मीच घातली: मशीनच्या मालकीणबाई विचारतात, आपण जेवलात का?

मग बराच वेळ काही आलं नाही. मावशी सुईत दोरा ओवत बसल्या. लिआंग-चे उठून दाराशी गेला, परत आला, पुन्हा गेला. दार बंद व्हायला तासभर राहिला असेल, तेव्हा पडदा हलला.

"जेवलो. पॅच घेतले. यंत्र काढायचा पॅच मागे घेतला."

लिआंग-चेने ते मोठ्याने वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मावशींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं की काय जेवला ते नाही का लिहिलं.

चैत्रात देवीच्या पालखीवर ते छत्र डुलत गेलं. मे महिन्यात लिआंग-चे हॉलंडला गेला. त्यानंतर नवी आवृत्ती आली, ती कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याने मावशींच्या नव्या संगणकावर बसवली. वर्षाचा आकडा मावशींनी स्वतः टाकला, एका बोटाने. यजमानांचं काम होतं, त्या म्हणाल्या, आता माझं.

मग त्यांनी योर्मासाठी देवळातल्या ताइतासारखी एक छोटी लाल पिशवी भरली. पुढे मोर, मागे प्रोग्रामने आपणहून घातलेली तारीख, आमच्या शकातली. ती टपालाने गेली. पुढच्या महिन्यात योर्माचा मेल आला, या वेळी फक्त मला: पिशवी मिळाली. वर्ष तपासलं, १९११ मिळवल्यावर बरोबर येतं.

मी तो मावशींना वाचून दाखवला.

"चांगली आहे असं म्हणाला का?"

"नाही म्हणाला," मी म्हटलं. "पण दोषही काढला नाही."

"मग आवडली त्याला," मावशी म्हणाल्या, आणि मशीनला जुन्या रिळाचा दोरा लावू लागल्या.