बिनतारेची लाईन

दिवा लागला नाही, हे सांगताना सुमेधा फोनवर रडायला लागली आणि राजानंद मगरेंना इतका आनंद झाला की त्यांना पटकन कॉटवर बसावं लागलं.

मस्तगड वस्तीतल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. बायको शिवकन्या गेल्यापासून घरात बोलायला फक्त टीव्ही उरला होता, आणि तो यांचं ऐकून घेत नसे. एकुलती लेक जपानात. तिथल्या एका संस्थेनं अवकाशात छोटा उपग्रह सोडला होता. वर ढग नाहीत, धूळ नाही. तिथंच उन्हापासून वीज करायची, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींतून ती खाली पाठवायची आणि जमिनीवरच्या जाळीनं पकडून एक दिवा लावायचा, एवढंच सुमेधाचं काम. त्या एवढ्याशा कामात तिची सहा वर्षं गेली होती. जन्मभर खांबावर चढून तारा ओढलेल्या वायरमनच्या पोरीनं तारच नको म्हणावं, यावरून गल्ली मगरेंची भरपूर फिरकी घेई. तेही हसत.

पण दिवा लागला तर संस्था मोठं काम काढणार आणि सुमेधा तिकडेच राहणार. नाही लागला तर काम बंद आणि ती घरी, हे ठरलेलं होतं. दिवा लागू नये असं मगरेंना मनापासून वाटे, आणि त्याची लाजही वाटे. म्हणून हल्ली ते सकाळची बुद्धवंदनासुद्धा भराभर उरकत.

"उद्या उपग्रह परत एकदा डोक्यावरून जानार हाये," सुमेधा म्हणाली. "पन सगळे थकले. सर म्हणले, तूच ठरव. पप्पा, येऊ का मी घरी?"

'ये' हा शब्द मगरेंच्या ओठांवर आलाच होता. तिची गादी उन्हात टाकायची, हेही मनात येऊन गेलं.

त्यांच्या वीज खात्यात एक रीत होती. लाईनवर चढलेला वायरमन खाली उतरून स्वतःच्या तोंडानं 'चालू करा' म्हणेपर्यंत सबस्टेशनवाला वीज सोडत नसे, मग साहेब ओरडो की गाव ओरडो. काही जण काम संपल्यावरही निवांत बिडी ओढत बसायचे आणि गावाला अंधारात ठेवायचे. मगरेंना त्यांची चीड होती. आता लेक त्यांच्या एका शब्दासाठी थांबली होती, आणि बाप म्हणून त्यांचं काम तर केव्हाच संपलं होतं.

"उद्या कर," ते म्हणाले. "बिलकुल घाई न करता, बराबर तपासून कर."

"तुमी रडून राह्यले का?"

"न्हाई गं. फोडणी टाकलीय."

फोडणी कुठली, गॅस बंदच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर टेबल दाखवलं. टेबलावर नखाएवढा दिवा. बराच वेळ काहीच झालं नाही. मगरे नकळत उभे राहिले आणि पुटपुटले, "लाग ना बाई." आणि तो लागला. सुमेधाच्या हातून फोन निसटला. तिकडे सगळे हसत होते, नाचत होते, आणि मगरे इकडे कितीतरी वेळ जपानचं छत बघत बसले. मग कुणीतरी फोन बंद केला.

ते पेढे घेऊन आले आणि गल्लीत घरोघर फिरले. शेवटचं दार बेबीनंदाचं. शिवकन्येच्या आजारपणात तिनंच दोन्ही वेळचा डबा दिला होता.

"मंग आता कधी येनार सुमेधा?" तिनं विचारलं.

"आता कशाला येती? दिवा लागला ना तिचा," मगरे हसत म्हणाले. "आता तिकडंच राहनार ती."

बेबीनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. पुडा पुढे धरलेला त्यांचा हात तसाच होता. तिनं एक पेढा उचलला, मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"तुमी खाल्ला न्हाई अजून," ती म्हणाली.

मगरेंनी तो तिच्या दारातच, उभ्या उभ्या खाल्ला.