उतारावर न घसरलेली गाडी

मी निळी पिकअप गाडी बोलतेय. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठी वसलेल्या आमच्या शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा ज्याच्या हाताखाली होत्या, त्या लॅरी पियेत्रासची गाडी. गाडीला काय कळतं, असं म्हणाल. कळतं हो! माणसं गाडीत बसली, दार लावून घेतलं, की मनात असेल ते सगळं बोलून टाकतात. ऐकायला मीच असते.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतो तो विक्रीच्या दुकानाबाहेरचा दिवस. लॅरीने माझ्या चाकावर बुटाने हलकेच लाथ मारली आणि विचारलं, "बर्फात चालेल ना ही?" विकणारा म्हणाला, "साहेब, तुम्ही थकाल, ही नाही थकायची." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आमच्याकडे सरोवरावरून वारं सुटलं की एका मोहल्ल्यात ऊन असतं आणि दोन गल्ल्या सोडून कमरेइतका बर्फ. वादळ सरलं की शाळा उघडायच्या की नाही, हे एकट्या लॅरीने ठरवायचं. उघडल्या तर अर्धं गाव शिव्या देणार, बंद ठेवल्या तर उरलेलं अर्धं. मग तो मला बाहेर काढायचा आणि शहरभर चक्कर मारायचा. शेजारी बसायचा चेट, शाळेच्या बसगाड्यांचा प्रमुख, मांडीवर डोनटचा खोका घेऊन. शेवटी आम्ही चर्चच्या उतारावर यायचो. तिथे लॅरी मला जोरात पळवायचा आणि करकचून ब्रेक दाबायचा. मी घसरले तर सुट्टी, जागच्या जागी थांबले तर शाळा. त्याच्या आधीचे साहेबही असंच ठरवायचे म्हणे. साऱ्या गावाला ही रीत ठाऊक होती. गावातल्या पोरांची सुट्टी माझ्या चाकांवर ठरते, याचा मला केवढा तोरा होता!

त्या हिवाळ्यात रविवारी वादळ आलं आणि शाळा तीन दिवस बंद राहिल्या. बुधवारी दुपारी लख्ख ऊन पडलं. आम्ही निघालो.

"लॅरी, आता आणखी सुट्टी देऊ नकोस बाबा," चेट म्हणाला. "तीन दिवस घरात बसून आहे. बायको मला बर्फात गाडून टाकेल."

"तीन दिवस सहन केलं तिने? मी तर तुला तासाभरात कंटाळतो."

पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा एका बाईने काच ठोठावली. अंगात वृद्धाश्रमातल्या कामाचा गणवेश, हाताशी आठ वर्षांचा मुलगा. ती यारित्सा, आणि तो तिचा एल्वीन.

"फोनवर सुट्टी सांगता ते तुम्हीच ना?" ती म्हणाली. "मिस्टर पियेत्रास, उद्या तरी उघडा हो शाळा. तीन दिवस याला शेजारणीच्या गळ्यात टाकून कामावर जातेय. आता तीसुद्धा नको म्हणतेय. उद्या गेले नाही तर माझ्या जागी दुसरी उभी असेल."

"मला नाही जायचं शाळेत," एल्वीन म्हणाला.

"तुला कोणी विचारलंय?"

एल्वीनने माझ्या बंपरला लटकलेली बर्फाची कांडी मोडली आणि चोखायला लागला. "थुंक! थुंक आधी! बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं त्यात!" ती ओरडली. तो हसत माझ्या मागे पळाला.

"बघतो, बाई," लॅरी म्हणाला.

"बघू नका, उघडा. तिथे पोटभर गरम जेवतो तरी हा."

चर्चच्या उतारावर रस्ता काळाभोर आणि कोरडा होता. लॅरीने ब्रेक दाबला. मी तसूभरही सरकले नाही. "शाबास गं राणी!" चेटने माझ्या डॅशबोर्डवर थाप मारली. लॅरीने तिथेच गाडीत बसून घरोघरी जाणारा निरोप बोलून पाठवला, "उद्या शाळा नेहमीच्या वेळी भरतील." निरोप सांगताना त्याचा आवाज मोकळा झाला होता. त्या बाईचं काम झालं, असंच त्याच्या मनात असणार.

आम्ही फक्त रस्ता पाहिला होता. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांनी रस्त्यांवरचा सगळा बर्फ दोन्ही बाजूंना फुटपाथवर लोटला होता, आणि त्याच्या भिंती माझ्या टपापेक्षा उंच झाल्या होत्या. आपापल्या घरापुढचा फुटपाथ ज्याने त्याने मोकळा करायचा, असा इथला नियम. पण यारित्साच्या रस्त्यावर रिकाम्या घरांची एक रांगच होती. कारखाने बंद पडले तेव्हा माणसं निघून गेली, घरं तेवढी उरली. त्यांच्यापुढचा बर्फ कोण काढणार? त्या रस्त्यावरून आम्ही गेलो होतो. आत ऊब होती. खाली कोणीच उतरलं नाही.

गुरुवारी सकाळी आई कामावर गेली आणि एल्वीन दप्तर घेऊन निघाला. रिकाम्या घरांपाशी फुटपाथ संपला, म्हणून तो रस्त्यावर उतरला. वळणावरून एका म्हाताऱ्या गृहस्थाची गाडी आली. तो वेगात नव्हता. पण बर्फाच्या भिंतीआडचं एवढंसं पोर त्याला दिसणार कसं? एल्वीनला इस्पितळात नेलं, पण दुपारी त्याने प्राण सोडला.

संध्याकाळी लॅरी एकटाच मला घेऊन त्या रस्त्यावर आला. मागचं फावडं काढलं आणि रिकाम्या घरांपुढचा बर्फ उपसत सुटला, टोपी नाही, हातमोजे नाहीत. थोड्या वेळाने यारित्सा आली. इस्पितळातून सरळ चालत आली असावी.

"बाई..." लॅरीचं फावडं अर्ध्यात थांबलं.

"मीच म्हटलं होतं, उघडा म्हणून."

"नाही हो. ठरवलं मी. तुमचा काही दोष नाही."

"पंपावर मी भेटले नसते तर?"

ती माझ्या दाराला टेकली. "काल रात्री त्याने पायजमा उलटा घातला होता," ती म्हणाली. इथल्या पोरांची एक समजूत आहे, पायजमा उलटा घालून झोपलं की दुसऱ्या दिवशी बर्फाची सुट्टी मिळते. "तुमचा निरोप येऊन गेला होता, तरी घातला. म्हणाला, मम्मी, कधी कधी उशिरासुद्धा लागू पडतं. मी ओरडले त्याच्यावर. काढायला लावला आणि सुलटा घालून झोपवलं."

ती माझ्या दाराला टेकून रडत राहिली आणि तिच्या रडण्याने माझा पत्रा थरथरत होता.

चौकशी झाली. कोणाचाच दोष निघाला नाही. निघाला असता तर लॅरीला झोप तरी लागली असती. त्याने नोकरी सोडली. आज मी त्याच्या अंगणात विक्रीची पाटी लावून उभी आहे. बघायला येणारे म्हणतात, ब्रेक अजून झकास आहेत. ते ऐकलं की मी आतून मोडून जाते.

मला जो कोणी नेईल, त्याच्यापाशी माझं एकच मागणं आहे. वादळ सरलं की मला दारातच राहू द्या. एखाद्या पोराचं बोट धरा, तुमचं असो की शेजाऱ्याचं, आणि त्याच्या घरापासून शाळेच्या दारापर्यंत चालत जा. ते पोर जिथे अडेल, तिथे तुम्हीही थांबा.