डावं, उजवं आणि चिमटी

चिमटी माझ्या टाक्यांच्या खोलीत धापा टाकत आली आणि म्हणाली, "काकू, हात पुसा आणि चला. आज तुमचे डोळे हवेत."

मी एका प्रयोगशाळेत मासे सांभाळते. करंगळीएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले हजारो मासे. त्यांना खाऊ घालायचं, पाणी तपासायचं, नर-मादीच्या जोड्या लावायच्या आणि सकाळी तळाशी पडलेली अंडी गाळून संशोधकांना द्यायची. चिमटी ही त्या संशोधकांतलीच एक. हातात कायम बारीक चिमटा, म्हणून हे नाव पडलं. तिला ते आवडतंही.

तिचा प्रश्न ऐकायला सोपा होता. अंड्यातला जीव सुरुवातीला दोन्हीकडून सारखाच दिसतो. मग हृदयानं डावीकडे जायचं, हे पेशींना सांगतं कोण? त्या जिवात काही तासांपुरती पाण्याची एक इवलीशी पिशवी तयार होते. तिच्या आतल्या पेशींना केस असतात. ते गरगर फिरतात आणि पाणी डाव्या बाजूला वाहू लागतं. इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र भांडण. काहींचं म्हणणं, पाण्याबरोबर एखादं रसायन वाहत जातं आणि ते निरोप पोचवतं. चिमटी म्हणायची, "काकू, रसायन-बिसायन काही नाही. पाण्याच्या धक्क्यानं केस वाकतो आणि पेशीला तेवढंच पुरतं."

"म्हणणं सोपं आहे. दाखव," आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

तिनं ते मनावर घेतलं. माझ्याकडे माशांची एक जात आहे, तिच्यात हे केस फिरतच नाहीत. पाणी जागच्या जागी. त्यामुळे हृदयाचा काही नेम नसतो. निम्म्या पिल्लांचं डावीकडे, निम्म्यांचं उजवीकडे. अशा वीस जिवांमध्ये चिमटीनं लेझरच्या किरणानं उजव्या बाजूचे केस पकडून तासतासभर हलवले. किरणाचा चिमटाच म्हणा ना. दुसऱ्या विसांवर किरण पाडला, पण केसांना हात लावला नाही. धक्का हाच निरोप असेल, तर पहिल्या विसांची हृदयं उजवीकडे जायला हवीत. सात आठवडे ती त्या यंत्राला चिकटून होती. मान अशी आखडली, की कुणी हाक मारली तर खुर्चीसकट वळायची.

पिल्लं दोन दिवसांची झाली, की प्रत्येकाच्या हृदयाची छोटी फिल्म काढायची, असं करत चाळीस फिल्मा जमल्या. मॅडमनी त्या पिसल्या, नवे आकडे घातले आणि कुठली कुठल्या गटातली याची यादी स्वतःजवळ ठेवली. चिमटीला तोंडावर सांगितलं, "तू बघायचं नाहीस. तुला हवं तेच दिसेल. काकू बघतील. त्यांना कुठला गट कुठला, ते ठाऊक नाही आणि मासा त्यांच्याइतका कुणी पाहिलेला नाही."

मी पडद्यासमोर बसले. मॅडम कागद घेऊन शेजारी. चिमटीला खोलीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

पहिली फिल्म लागली. काचेसारखं पिल्लू आणि त्यात टिकटिक हलणारं हृदय. "उजवं," मी म्हणाले. मॅडमनी लिहिलं. "डावं. उजवं. उजवं. हे... परत लावा. हं, उजवं." चौदाव्याला हृदय मधेच अडकलेलं होतं. "मधे," मी म्हणाले. मागून चिमटीचा श्वास ऐकू येत होता. माणसानं इतके मासे पाहिले, पण असं एकेका ठोक्यासाठी जीव टांगणीला कधी लागला नव्हता.

चाळीस झाल्या. मॅडमनी यादी काढली आणि पेन्सिलीनं एकेक आकडा जुळवू लागल्या. चेहऱ्यावर काही दिसेना.

"मॅडम, बोला ना!" चिमटी भिंतीलाच म्हणाली.

"धक्का न दिलेले वीस. अकरा डावे, नऊ उजवे."

"आणि दिलेले?"

"सतरा उजवे. दोन डावे. एक मधे."

चिमटी गर्रकन वळली, मान आखडलेली असूनही. मी तर खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवायला लागले. पण मॅडमनी हात वर केला. "थांबा. कॅमेरा चित्र उलटं तर करत नाही ना? आरशासारखं? तसं असेल, तर हे सतरा खरे डावे. मग आपलं सगळं मुसळ केरात."

चिमटीचा चेहरा पांढराफटक पडला. कॅमेरा नवाच होता. मीच कागदाचा कपटा फाडला, त्यावर बारीक 'ग' काढला आणि पिल्लाच्या जागी ठेवला. तिघी पडद्याकडे डोळे लावून बसलो. धूसर काळं काहीतरी आलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवलं.

'ग' आला. सुलटा, ठळक, शाळेच्या फळ्यावर असतो तसा.

"सुलटा आहे," मॅडम म्हणाल्या, आणि मग ज्या कधी कुणाच्या पाठीवर हात ठेवत नाहीत, त्यांनी चिमटीला मिठीच मारली. "पेशीला धक्का कळतो गं! आता आणखी शंभर जिवांवर कर. पण कळतो!"

चिमटीनं हसत-रडत फोन लावला. "दादा, जमलं! अरे, धक्काच आहे!"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "भाऊ पण संशोधक का?"

"छे, रंगारी आहे. घरं रंगवतो. पण काकू, त्याचं हृदय उजवीकडे आहे. यकृत, जठर, सगळंच आरशातल्यासारखं. काही त्रास नाही. लहानपणी डॉक्टरांनी छातीवर नळी डावीकडे लावली, ठोके नीट ऐकू येईनात म्हणून घाबरले, तेव्हा कळलं. मी इथे आले ती त्याच्यामुळेच."

रविवारी दादा आला. नखांत पिवळा रंग, धिप्पाड माणूस. त्यानं पडद्यावर उजव्या हृदयाचं पिल्लू पाहिलं. नकळत हात छातीच्या उजव्या बाजूला गेला होता.

"अरेच्चा," तो म्हणाला. "अगदी माझ्यासारखंच." मग मान वर करून त्यानं मॅडमना विचारलं, "पण बाई, माझ्या वेळी नक्की काय झालं असेल? धक्का उलट्या बाजूनं बसला, की बसलाच नाही आणि हे आपलं नशिबानं पडलं?"

मॅडमनी चष्मा काढला. "ते तुमच्याकडे बघून सांगता येणार नाही. दोन्हींत फरक करता येईल अशी खूण अजून आमच्याकडे नाही."

"मग शोधू या," चिमटी म्हणाली. ती वहीत भराभर लिहायलाही लागली होती. मधेच मान वर न करता विचारलं, "काकू, उद्या जोड्या किती लावता येतील?"

"तू म्हणशील तितक्या," मी म्हणाले आणि बाह्या सरसावून माझ्या खोलीकडे निघाले.