टोला पडेल तेव्हा

मित्रांनो, मी शाळेची घंटा आहे. जुनी म्हणावे की नवी, हे मात्र माझे मलाच नीट सांगता येत नाही. माझा धातू जुना आणि आवाज नवा. माझ्या पाठीवर दोन अंगठे उमटले आहेत. एक मला पहिल्यांदा घडवणाऱ्याचा आणि दुसरा एका मुलीचा. आजची सगळी हकीकत त्या दुसऱ्या अंगठ्याची आहे, पण सुरुवात पहिल्यापासून करायला हवी.

ओतकामाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. धातू वितळवायच्या जाड भांड्याला तिथे मूस म्हणत. तांबे आणि कथील त्या मुशीत एकत्र वितळले आणि मी झाले. एरवी त्या कारखान्यात ठोकाठोकी, आरडाओरडा आणि थट्टामस्करी यांचा नुसता गदारोळ असे. पण मूस भट्टीबाहेर आली की सगळे चिडीचूप होत. ओतताना कोणी बोलायचे नाही, असा तिथला रिवाज होता. पिवळ्याजर्द उजेडात ती दांडगी माणसे लहान मुलांसारखी डोळे विस्फारून बघत राहायची. रोजचेच काम होते, तरी बघायची! मला त्याचे अजून नवल वाटते.

साचा वाळूचा होता. तो बंद करण्याआधी कारागिराने वाळूत आपला अंगठा हलकेच दाबला. तो काही अंगठाबहाद्दर नव्हता, सही अगदी झोकात करायचा. पण त्याच्या मनात काय आले कोण जाणे. मी थंड होऊन साच्यातून बाहेर आले, तेव्हा समोरून गुळगुळीत, जाडजूड थाळी होते आणि पाठीवर तो अंगठा होता.

तेव्हापासून शाळेच्या वरच्या व्हरांड्यात, जिन्याशेजारी मी टांगलेली आहे. माझ्या खाली एक लाकडी बाक आहे आणि दोन्ही बाजूंना वर्गांची दारे. एके काळी माझ्याशिवाय या शाळेचे पान हलत नसे. परीक्षेच्या दिवसांत मुले माझ्याकडे वैऱ्यासारखी बघत आणि शेवटच्या तासाला डोळ्यांत प्राण आणून माझी वाट पाहत. मी दोन्ही कौतुके सारख्याच मनाने घेतली. खोटे कशाला बोलू, दुसरे जरा जास्त घेतले.

मग विजेची घंटा आली. तिचा आवाज म्हणजे कोणी तरी पत्र्यावर खिळा ओढावा तसा. पण बटण दाबले की काम होते, म्हणून तीच लाडकी झाली आणि मला सगळे विसरले. माझ्यावर कोणी ओली छत्री टांगू लागले. भिंत रंगवताना माझ्यावर चुन्याचे शिंतोडे उडाले, ते तसेच राहिले. एका महाभागाने तर चघळलेली गोळी माझ्या कडेला चिकटवली. कोणाला काय सांगणार!

तरी वर्षातला एक दिवस माझा होता. निवडीचा दिवस.

हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना त्या दिवशी एक ऐच्छिक विषय घ्यायचा असे. पूर्वी त्यासाठी घरी कागद जायचा. तो परत यायचा तेव्हा त्यावर कधी आईचे अक्षर असायचे, कधी काकांचे. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी ते कागद बंदच करून टाकले. "हातांवर दुसऱ्यांचं राज्य असतं," त्या म्हणाल्या, "पाय तरी आपले असतील. पायांनी निवडू दे." तेव्हापासून त्या दिवशी सगळ्या खोल्यांची दारे उघडी असतात. चित्रकला, संगीत, कॉम्प्युटर, पाककला, सुतारकाम, धातुकाम. मुलांनी हवे तिथे फिरायचे, बघायचे, हात लावायचा. आणि माझा टोला पडेल त्या क्षणी जो ज्या खोलीत असेल, तो विषय त्याचा. व्हरांड्यात सापडला, तर बाई देतील तो विषय मुकाट्याने घ्यायचा.

त्या दिवशी टोला मोठ्या बाई स्वतः देतात, तोही माझ्यावरच. "हातोडा वर गेलेला मुलांना दिसला पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. विजेच्या घंटेला हातोडा कुठला!

मित्रांनो, हातोडा वर गेल्यापासून टोला पडेपर्यंतचा तो वेळ मी कितीदा अनुभवला, पण मला त्याची सवय झाली नाही. व्हरांड्यात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. ओतकामाच्या कारखान्यातही अशीच शांतता असायची. एवढीएवढीशी मुले, काल-परवापर्यंत दप्तर आईने भरून दिलेले, आणि आता स्वतःच्या पायांवर उभी राहून काही तरी ठरवत आहेत. मी कितीही जाड असले तरी त्या वेळी आतून थरथरते.

आता त्या मुलीकडे येते. तिला सगळे शेपूट म्हणत. कारण ती आपल्या चुलत बहिणीच्या मागे मागे असायची. चुलत बहिणीचे नाव पडले होते तोफ. तोफ बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडायला जागा मिळत नसे. दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर. दोघींचे वडील सख्खे भाऊ आणि दोघा भावांचे मिळून चष्म्यांचे दुकान. हे मला कसे ठाऊक? दोघी डबा खायला रोज माझ्या खालच्या बाकावर बसत. शेपटीच्या उजव्या अंगठ्यावर एक आडवा व्रण होता. लहानपणी दुकानातल्या काचेने कापल्याची खूण ती.

"आपण दोघींनी कॉम्प्युटर घ्यायचा," निवडीच्या आदल्या दिवशी तोफ म्हणाली. "बाबांनी आणि काकांनी मिळून घरी कॉम्प्युटर आणलाय तो काय शोभेला? पुढे दुकानाचं सगळं आपणच बघायचं. ठरलं?"

"बरं," शेपूट म्हणाली.

"बरं काय? ठरलं म्हण."

शेपटीने डब्याचे झाकण लावले. तिला काय हवे होते ते तिलाही ठाऊक नव्हते, हे मला दिसत होते. तिला कोणी विचारलेच नव्हते, तर ठाऊक होणार कसे?

दुसऱ्या दिवशी दारे उघडली तशी तोफ थेट कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. एका खुर्चीवर स्वतः बसली, शेजारच्या खुर्चीवर दप्तर ठेवून ती धरून ठेवली. शेपूट "पाणी पिऊन येते" म्हणून बाहेर पडली ती येऊन माझ्या खालच्या बाकावर टेकली. व्हरांड्यात मुलांची झुंबड उडाली होती. कोणी तबला बडवून आले होते, कोणाच्या नाकाला पीठ लागले होते. ती मात्र कुठल्याच खोलीत गेली नव्हती.

मग तिने वर पाहिले. उगाचच एक टिचकी मला मारली. मी गुणगुणले. तिने दचकून तळवा माझ्यावर ठेवला, तशी मी थांबले. तळवा काढून तिने परत टिचकी मारली आणि या वेळी कान लावला. इतक्या वर्षांत माझ्यावर छत्र्या टांगणारे पुष्कळ भेटले, कान लावणारी ही पहिलीच. ती मग मला फिरवून मागची बाजू बघू लागली आणि तिला अंगठा सापडला. त्यावर तिने आपला अंगठा ठेवून पाहिला. तिच्या कपाळावर आठी पडली.

तेवढ्यात धातुकामाचे सर तिथून चालले होते. त्यांच्या बाह्यांना कायम काजळी लागलेली, म्हणून मुले त्यांना काजळी सर म्हणत.

"सर," तिने हाक मारली, "अंगठा दाबला तर खड्डा पडायला हवा ना? मग हा वर कसा आला?"

काजळी सर थांबले. "सांगून काय मजा? चल, तुझा अंगठा वर काढू," ते म्हणाले.

धातुकामाची खोली व्हरांड्याच्या टोकाला आहे. दार उघडे होते, म्हणून मला सारे दिसले. सरांनी एका डबीत ओलसर बारीक वाळू दाबून बसवली. तिने त्यात अंगठा रुतवला. सरांनी तिच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, लहानशा पळीत कथील वितळवले आणि त्या खळग्यात ओतले. आरशासारखे चकचकीत कथील वाळूत पसरले, बघता बघता त्यावर साय धरली आणि ते निवले. या सगळ्या वेळात ती एक शब्द बोलली नाही. तिला कोणी तो रिवाज सांगितलेला नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा मुठीत अजून कोमट असलेला तो तुकडा होता. माझ्या खाली उजेडात उभी राहून तिने तो पाहिला. खड्ड्याचा उंचवटा झाला होता. अंगठ्याच्या रेघा उठून आल्या होत्या आणि व्रण, जो नेहमी आत दबलेला असायचा, तोही दिसत होता. "ही मीच आहे," असे काहीसे ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. माझ्याही आत काही तरी हलले, कारण मी कशी जन्मले हे या शाळेत पहिल्यांदाच कोणाला तरी समजले होते.

मोठ्या बाई हातोडा घेऊन आल्या. मुले खोल्यांकडे पळाली. त्यांनी हातोडा वर नेला.

"शेपटे!" कॉम्प्युटरच्या दारातून तोफेचा आवाज आला. "खुर्ची धरून ठेवलीय कधीची! ये ना लवकर!"

शेपूट व्हरांड्याच्या मधोमध उभी. एका बाजूला बहीण, दुसऱ्या टोकाला ती काजळलेली खोली. तिने मूठ उघडून तुकडा दाखवला. "अगं, मला हे शिकायचंय."

"आपलं ठरलं होतं!"

"तू ठरवलं होतंस. मी नुसतं बरं म्हटलं."

मोठ्या बाईंचा हात वरच होता आणि दंड थरथरायला लागला होता.

"घरी काकांना काय सांगू?" तोफेने विचारले, आणि तिचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता.

"सांग, मी तिकडे आहे म्हणून," शेपूट म्हणाली आणि धावत सुटली. तिच्या मागे कोणी नव्हते आणि पुढेही कोणी नव्हते. तिने उंबरा ओलांडला आणि टोला पडला.

त्या टोल्याने मी तडकले. चूक कोणाचीच नव्हती. वर्षानुवर्षे मला कोणी पुसले नव्हते, कडेला बारीक चीर गेलेली कोणी पाहिली नव्हती. आवाज बद्द आला, फुटक्या भांड्यासारखा. पण टोला तो टोलाच.

शेपटीच्या घरी आठवडाभर धुसफूस चालली. "आमच्या दुकानात भट्टी कुठे लावणार आहे ही?" असे तिचे बाबा म्हणाल्याचे बाकावरच्या बोलण्यातून मला कळले. हो, दोघी डबा अजूनही तिथेच खात होत्या. पहिले काही दिवस तोफ रुसून तोंड फिरवून बसायची, पण बसायची शेजारीच.

मला काढून मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत टाकले. अंधार आणि धूळ. भंगारवाल्याला बोलवायचे घाटत होते. माझे दिवस भरले, असे मी धरून चालले होते.

पुढच्या वर्षी एका सकाळी दार उघडले आणि तोच व्रणाचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला. शेपटीने मोठ्या बाईंकडून मला मागून घेतले होते. तिने माझा तडा मेणाने भरला आणि माझाच ठसा वाळूत घेतला, पाठीवरच्या अंगठ्यासकट. मग काजळी सरांनी माझे तुकडे केले. भीती वाटली का, असे विचाराल, तर वाटली. पण मुशीत उतरताना माझ्या लक्षात आले की ही ऊब माझ्या ओळखीची आहे.

ओतायच्या दिवशी दारात तोफ उभी होती आणि तिच्यामागे दुकान टाकून आलेले शेपटीचे बाबा. साचा बंद करण्याआधी शेपटीने जुन्या अंगठ्याच्या शेजारी आपला अंगठा वाळूत दाबला. मूस बाहेर आली. खोली पिवळ्या उजेडाने भरली. काजळी सरांनी आणि तिने दोन बाजूंनी मुशीचा दांडा धरला होता. कोणी बोलले नाही. तोफसुद्धा नाही!

थंड होताना धातू आकसतो, म्हणून मी पहिल्यापेक्षा जराशी बारीक झाले आहे. या वयात कोणाला हे जमते?

मला पुन्हा टांगले तेव्हा बाबा पुढे आले. चष्मेवाल्यांचे ते छोटे भिंग त्यांनी डोळ्याला लावले आणि माझी पाठ निरखू लागले. दुसऱ्या अंगठ्यापाशी ते थांबले. तिथला आडवा व्रण त्यांनी बोटाने चाचपला.

"हा आमच्या पोरीचा," ते म्हणाले. भिंग काढून त्यांनी ते तिच्या हातात दिले. "बघ, किती स्वच्छ आलाय. मी असतो तर मला जमला नसता."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या शाळेत माझ्यासारखे कोणी टांगलेले असेल, तर त्याच्यावर ओली छत्री अडकवू नका. कधी तरी त्याला पुसा, फिरवून त्याची पाठ बघा, टिचकी मारून कान लावा. आणि तुमच्यासाठी कोणी प्रेमाने खुर्ची धरून ठेवली असेल, तर तिच्यावर बसण्याआधी एकदा सगळ्या खोल्या हिंडून या.

आताही मी फक्त निवडीच्या दिवशीच वाजते. मोठ्या बाईंचे केस पांढरे झाले आहेत आणि हातोडा वर नेला की त्यांचा दंड लवकर थरथरतो. तरी त्या घाई करत नाहीत. व्हरांडा शांत होतो, मी आतून थरथरते, आणि दरवर्षी त्या शांततेत कोणाची ना कोणाची तरी पावले धावत असतात.