एका रुपयाची कपात

मागायचं असेल तर आधी कमी कर म्हणायचं, ही कुठली रीत, असं मी यांना नागपूरला निघतानाच विचारलं होतं.

"तिथली हाय," हे म्हणाले. हे म्हणजे उकंडराव पाटील, आमच्या भागाचे कौन्सिलातले सभासद. पेटीत कोट घालता घालता त्यांनी मला बजेट समजावलं. "नुसतं उठून 'डॉक्टर द्या' म्हणता येत नाई. दवाखान्याच्या रकमेतून एक रुपया कमी करा, अशी सूचना टाकाची. मंग त्याच्यावर बोलाले भेटते. मंत्र्यानं उत्तर देलं की सूचना वापस. रुपया कोनाचाच जात नाई."

"म्हंजे भूक लागली तर ताटातला घास काढून घे म्हनाचं. शहाण्यायची सभा हाय तुमची!"

हे हसले. मीही हसले. पुढे तो रुपया आमच्याच घशात अडकणार, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

आमच्या गावच्या दवाखान्याला दिवाळीपासून कुलूप होतं. डॉक्टर बदलून गेला, दुसरा आलाच नाही. त्याचा पगार मात्र बजेटात दिसत होता. आणि आमची कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या पायांवर सूज होती. सुईण पोट चाचपून म्हणाली, "मूल आडवं लागून राह्यलं, बाई. डाक्टर जवळ असलेला बरा." तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. गावाचं भलं वगैरे हे बोलत, मला माझ्या पोरीसाठी डॉक्टर हवा होता. यात लाजायचं काय?

दर शनिवारी डाकेनं 'सुबोधदीप' यायचा. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर फकीर मोहम्मद शिंपी तो मोठ्यानं वाचायचा आणि अर्धा गाव ऐकायचा. मी मराठी चौथी शिकलेली, पण माझा नंबर बाप्यांनंतर. तोवर दाराआडून ऐकायचं. हा पेपर मंत्र्यांच्या बाजूचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मोठ्यानं वाचलेलं ऐकताना ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

"दवाखान्याच्या रकमेस कात्री! सभासद उकंडराव यांची सूचना!" एवढं वाचलं आणि फकीर मोहम्मदचा आवाज खाली आला. माणसं एकेक करून उठली आणि आमच्या दाराकडं न बघता गेली.

नंतर तो स्वतः पेपर घेऊन आला. "भाभी, मी पुरा पाह्यला. मांगचं पानही पाह्यलं. पाटील काय बोलले, काऊन बोलले, त्याचा एक हरफ नाई."

मी वाचलं. सूचना टाकली हे खरं, रक्कम दवाखान्याची हे खरं. शोधूनही एक खोटा शब्द सापडेना. खोटं असतं तर मी बरी रागावले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा ओसरीपाशी येऊन उभा राहिला. आमच्याकडं सालानं राहिलेला म्हातारा, त्याच्याही सुनेला दिवस गेलेले. त्यानं पागोट्याचं टोक सोडलं आणि एक रुपया माझ्यासमोर ठेवला.

"हे काय, कडूबा?"

"मालकीनबाई, मालकानं रुपया कमी केला म्हने. एका रुपयापायी दवाखाना बंद राह्यते, हे बरं नाई. म्या आनला. नागपूरले धाडून द्या."

मी त्याला रीत सांगायला गेले. सूचना टाकायची, बोलायचं, मग वापस घ्यायची. माझंच बोलणं मला येड्यासारखं वाटायला लागलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि रुपया तिथंच ठेवून गेला. मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

चार दिवसांनी हे आले ते खुशीत. खिशात 'डंका' होता, यांच्या पक्षाचा पेपर. "वाच, वाच." वाचलं. 'उकंडरावांची सिंहगर्जना! नोकरशाहीच्या तोंडात चपराक!' आमचे हे सिंह झाले होते, मंत्री कोल्हा झाला होता. दवाखान्याचं नाव कुठं नव्हतं.

"अन् डॉक्टर?" मी विचारलं.

"विचार करतो म्हने मंत्री."

"तुमी सिंह झाले ते झालंच. पोरगी आतमंदी झोपली हाय, तिच्या पायाकडं पाहा."

यांनी पाहिलं, आणि मी 'सुबोधदीप'चा अंक हातात दिला तशी खुशी उतरली. तडक खामगावला जाऊन संपादकाला भेटले. परत आले ते तोंड काळंठिक्कर करून. संपादकानं चहा पाजला होता आणि एवढंच विचारलं होतं, "कपात सुचवली की नाही? मग आमचं चुकलं काय?"

पुढच्या शनिवारी पेपरात काय, तर 'सभासदाने कापलेला रुपया गरीब शेतमजुराने भरला!' कडूबाची गोष्ट गावभर झाली होती, तशी ती तिथंही पोचली. फकीर मोहम्मदनं त्या दिवशी पेपर मोठ्यानं वाचला नाही. शिलाई आहे म्हणाला आणि मशीन चालवत बसला. पण अंक काही एकट्या आमच्या गावात येत नव्हता.

वडनेर भोलजीहून आमचे व्याही भगवानराव बैलांची दमणी जुंपून आले. पाण्याचा तांब्याही त्यांनी हातात घेतला नाही.

"सुनेले न्यायले आलो. आमच्याकडून नांदुरा जवळ, तिथं डाक्टर हाय. इथं तर बापानंच दवाखाना कापला."

"इवाई, तसं नाई," मी पदर पसरला. "कुलूप सरकारचं हाय, दिवाळीपासूनचं. ते उघडा म्हून तर रुपयाची सूचना होती. तिथली रीतच तशी हाय. अन् तिचे दिवस भरले, मूल आडवं हाय. दमणीचे धक्के तिले सोसतीन काय? डॉक्टरलेच इकडं घेऊन येऊ."

"इहीनबाई, पेपरवाले शिकलेले लोक. ते काय खोटं लिवतीन?"

मी यांच्याकडं पाहिलं. हा माणूस कौन्सिलात घंटाभर बोलला होता म्हणे. इथं एका वाक्याचं काम होतं. पण ओसरीसमोर माणसं जमलेली, यांचं नाक मोठं, आणि ते खामगावपासून दुखतच होतं.

"ज्याले माह्यावर भरोसा नाई, त्यानं खुशाल न्यावं," हे म्हणाले आणि आत निघून गेले.

ते वाक्य मी यांना अजून माफ केलेलं नाही.

नातवंड होईपर्यंत लेकीच्या सासरचं पाणीही पिऊ नये, अशी आमच्यात रीत. पण रीती मी पुष्कळ पाहिल्या होत्या, नागपूरच्यासुद्धा. कोकिळाचं डोकं मांडीवर घेऊन मी दमणीत बसले. मोताळ्याच्या पुढं तिला कळा लागल्या. चैत्राचं ऊन, एका बाभळीची सावली, आडोशाला माझं लुगडं. भगवानराव पाठ करून उभे, हात जोडून. मूल आडवंच होतं. मला जे येत होतं ते सगळं मी केलं.

मुलगा होता. रडला नाही.

"माय, तो रडत काऊन नाई?" कोकिळा विचारत राहिली. नांदुऱ्याच्या डॉक्टरनं तिचा जीव वाचवला, पण तिथं पोचेपर्यंत ती तेच विचारत होती.

दोन्ही पेपरांत आलं. 'डंका'त होतं, 'नोकरशाहीचा बळी!' 'सुबोधदीप'मध्ये होतं, 'कपातीचे फळ सभासदाच्याच घरी.' माझा नातू दोघांच्याही कामी आला. दवाखान्याला कुलूप आहे, एवढं मात्र दोघांनीही लिहिलं नाही. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "खुलासा लिवून धाडतो." मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तुमचे खुलासे पाह्यले."

आणि मग देवळीत ठेवलेला कडूबाचा रुपया मला दिसला.

फकीर मोहम्मद कापड आणायला खामगावला निघाला होता. मी त्याच्या हातात 'सुबोधदीप'साठी तो रुपया आणि चार ओळींची चिठ्ठी दिली. "बातमी म्हून देऊ नका. जाहिरात म्हना." परत येऊन तो सांगत होता, "भाभी, मुनीमानं ओळी मोजल्या, रुपया घेतला, वाचलंही नाई."

शनिवारी त्यानं पेपर उघडला आणि मागचं पान आधी वाचलं. केसांचं तेल आणि शक्तीच्या गोळ्या यांच्या मधोमध ते होतं, माझ्या शब्दाला कात्री न लागता. 'आमच्या गावच्या दवाखान्यास दिवाळीपासून कुलूप आहे. कुलूप सरकारी आहे. डॉक्टर नाही. डॉक्टर पाठवावा.' खाली गावाचं नाव आणि माझं, पुष्पाबाई.

"परत वाच बे," कुणीतरी म्हणालं. त्यानं परत वाचलं. कडूबा ओट्याखाली उभा होता. "माह्या रुपयाचं हाय ते," तो शेजारच्याला सांगत होता.

दोन दिवसांनी भगवानराव आले. या वेळी एकटेच, घोड्यावर, पेपर बंडीत खोचलेला. ओसरीवर बसले, पाणी घेतलं, पेपर उलगडून मागच्या पानावर बोट ठेवलं.

"इहीनबाई, हे कुलूप सरकारचं हाय? दिवाळीपासूनचं?"

"हो."

त्यांचे डोळे भरून आले. "मंग हे मले आधी काऊन नाई सांगतलं?"

याच ओसरीवर, याच जागी उभी राहून, मी पदर पसरून सांगितलं होतं. पण तेव्हा ते छापलेलं नव्हतं.