जपून वापरलेली डबी

"बाई, आकड्यांपुढे माझं काय चालणार?" फोनवर साहेब म्हणाले. "मुलांनी निम्मासुद्धा डेटा वापरलेला नाही. वरच्यांचं म्हणणं पडलं, गरजच दिसत नाही. आज पाचला सगळ्या डब्या बंद."

ग्रंथपालबाईंनी डब्यांची नोंदवही पुढे ओढली. घरी इंटरनेट नसलेल्या चाळीस मुलांना सरकारी खर्चाने एकेक डबी मिळाली होती. ग्रंथालयातून पुस्तकासारखी नावावर न्यायची, घरी चालू केली की इंटरनेट सुरू. आणि देताना बाईंनीच प्रत्येकाला दम भरला होता, "फुकटचं आहे म्हणून उधळू नका. काम झालं की बंद. जपून वापरा."

एरवी कानीकपाळी ओरडलं तरी न ऐकणारी पोरं! नेमकं एवढंच ऐकलं हो!

"साहेब, चूक माझी आहे. मीच त्यांचे हात आवरले. तसं लिहून देते. परीक्षा महिन्यावर आलीय, तेवढा एक महिना तरी..."

"आता उशीर झाला, बाई."

डबी घेऊन या, असा निरोप घरोघरी गेला. साडेचारला इस्त्रीवाली आली, मागे दहावीतली लेक. डबी कडक इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेली, साधा ओरखडा नाही.

"तपासायला मागवलीत का हो? बघा, तुमच्या शब्दाबाहेर नाही गेलो. गणिताचा एक धडा झाला की मी लगेच बंद करायचे. ही रडायची, अजून एक बघू दे म्हणून. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय, परीक्षेपर्यंत पुरवायचंय."

"आठच धडे राहिलेत, बाई," लेक म्हणाली. "या महिन्यात सगळे बघून होतील."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. खरं न सांगताच त्यांनी डबी चालू केली आणि मुलीला खुर्चीत बसवलं.

"बघ. आत्ता, इथंच बघ. पाचपर्यंत जेवढे होतील तेवढे बघ. बंद करू नकोस गं, माझ्या राणी."

मुलगी आईच्या फोनवर वाकली. वहीत भराभर गणितं उतरवू लागली. बाई उभ्या उभ्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिल्या.

पावणेपाचला धडा संपला. मुलगी पुढच्या धड्याकडे वळणार, तोच इस्त्रीवालीने सवयीने हात पुढे केला आणि डबीचं बटण दाबलं.

"पुरे आता," ती लेकीला म्हणाली आणि रुमालाची घडी नीट करू लागली. "सात उरले ना? पुरवून पुरवून बघू."