पुढचं घरी

काटेवाल्याचा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा, आणि स्वभावही तोच. बायकोचा धर्म एक, त्याचा दुसरा. म्हणून लग्नाआधीच त्याने ठरवून घेतलं होतं, की मूल झालं तर दोघांपैकी कुणीही त्याला आपलं काही शिकवायचं नाही. मोठं झालं की त्याचं ते निवडेल. बायको हसून "बरं" म्हणाली. तिचं "बरं" एकदा म्हटलं की दगडावर कोरलेलं.

शाळेत धर्माचा तास असे. पोरं आपापल्या धर्माच्या खोल्यांत पांगत आणि यांची लेक भिंगरी, दोन्हीकडची असल्यामुळे कुठलीच नव्हे, खेळाच्या मास्तरांसोबत चेंडूत हवा भरत बसे. काटेवाल्याला ते फार लागलं.

बायकोच्या धर्माचा तास घेणाऱ्या बाई प्रार्थनेच्या तीन ओळी शिकवून थांबत आणि म्हणत, "पुढचं घरी." चौथी ओळ आईने लेकीच्या कानात सांगायची, प्रत्येक घराची निराळी, अशी त्यांच्यातली रीत. पालकसभेत काटेवाला उठला. "पुढचं घरी, तर मागचंही घरीच होऊ द्या की!" सभा खदखदून हसली, टाळ्या पडल्या, तास बंद झाला आणि त्या जागी चित्रकला आली. शाळेत त्याने सांगितलं, हे घरचं काम. घरी तर आधीपासूनच बंदी. दोन्ही पारडी अगदी समतोल, दोन्ही रिकामी.

मग बायको गेली. चार दिवसांचा ताप काय येतो आणि माणूस काय जातं.

एका सकाळी तो भिंगरीची वेणी घालत होता. एव्हाना त्याला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं, म्हणजे वेणी निदान पाठीवरच पडायची.

"बाबा, आई काय म्हणायची रे?"

"कधी?"

"आपले केस विंचरताना. तोंडात पिना धरून. मला नुसती चाल येते."

तिने ती गुणगुणून दाखवली. तिचा हात धरून तो तडक धर्माच्या बाईंकडे गेला. तास बंद झाल्यापासून त्या एका लाँड्रीत इस्त्री करत.

"या, टाळ्या घेणारे," बाई म्हणाल्या. "शर्ट आणलात की भाषण?"

"लेक आणलीये," तो म्हणाला.

बाईंनी इस्त्री उभी केली. कपड्यांच्या गठ्ठ्यावर भिंगरीला बसवलं आणि तीन ओळी शिकवल्या. पोरगी तल्लख, चाल ठाऊक होतीच, शब्द त्यात जागच्या जागी बसले. पण चाल पुढे आणखी होती.

"पुढचं?"

"पुढचं घरी, बाळा." सवयीने बोलून गेल्या आणि बाईंनी जीभ चावली.

"तुमच्या घरची ओळ द्या ना," काटेवाला म्हणाला. "कुठलीही चालेल आम्हाला."

"माझी हिला कशी चालेल? हिच्या आजीने हिच्या आईला दिली, ती हवी. आजी?"

"आधीच गेल्या."

"आणि आईने कधीच सांगितली नाही हिला?"

"ठरलं होतं आमचं."

"आणि तिने ते पाळलं?"

"पाळलं."

"भली बाई," बाई म्हणाल्या. टोमणा असता तर त्याने झेलला असता, तो नव्हता.

"मग आता ती कुणाला येते?" भिंगरीने विचारलं. बाईंनी एक शर्ट पुन्हा इस्त्रीला घेतला. तो मघाशीच झालेला होता.

दुसऱ्या सकाळी भिंगरीने आईच्या पिनांची डबी आणली. काटेवाला बघत राहिला. बायकोचे केस विरळ, दोन पिनांत भागायचं. तोंडात मात्र मूठभर धरायची, ओठ घट्ट मिटून, चाल तेवढी बाहेर येईल अशी. इतकी वर्षं तो तिला वेंधळी म्हणून चिडवत आला होता.

भिंगरीने पिना ओठांत धरल्या. तीन ओळी त्यांच्या आडून पुसट ऐकू आल्या. चौथीला नुसती चाल.

"बाबा, झाली ना वेणी?"

"वाकडी झाली गं," तो म्हणाला. चांगली सरळ वेणी त्याने सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.